आधी पाय, मग वचन

प्रिय बाळा,

धावणाऱ्या दोघांच्या प्रेमावरच्या तुझ्या कादंबरीच्या आराखड्याची आठ पानं दोनदा वाचली. शेवटच्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलंयस, ‘बाई, यात देव कुठे घालू?’ आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. 2006 साली मीही स्वतःला हेच विचारलं होतं. तेव्हा जे उत्तर दिलं त्याच्या शंभरेक प्रती अजून आमच्या माळ्यावर आहेत.

तुला लिहिता येतं हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. थेट तुझ्या सातव्या प्रकरणाकडे येते. नायक मॅरेथॉनच्या बत्तिसाव्या किलोमीटरला कोसळतो, नायिका त्याच्या कानात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन म्हणते, तो उठतो आणि पहिला येतो. अगं, बत्तिसाव्याला कोसळलेला माणूस पहिला येत नाही. तो कडेला बसून उलटी करतो. अंगात साठवलेली साखर साधारण तिथवरच पुरते. धावणारी माणसं म्हणतात ‘वॉल लागली’. मांड्या दगड होतात, साध्या बेरजा चुकतात, प्रेमाच्या माणसाचा आवाजसुद्धा नकोसा होतो. तेव्हा कुणी यशया म्हणून दाखवला तर तो म्हणेल, ‘गप्प बस गं.’ ते ‘गप्प बस गं’ लिहिलंस की तुझ्या कादंबरीतला पहिला खरा संवाद झाला. वचन त्याच्या नंतर, तेही आलं तर. आधी पाय, मग वचन.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते. आमचे हे 2004 पासून मुंबई मॅरेथॉन धावायचे, ती सुरू झाली त्या वर्षापासून. जानेवारीतला रविवार, अपरात्री उठणं, व्हॅसलिन, सेफ्टी पिना, केळी. मी एकदाही गेले नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवायची नाही, हे माझं ठरलेलं. त्यांच्या धावण्यावर मी कादंबरी मात्र लिहिली, माळ्यावरची तीच. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक वचन, शेवटी नायक अंतिम रेषेवर गुडघे टेकतो. यांनी ती दोन रात्रींत वाचून काढली आणि विचारलं, ‘बेचाळीस किलोमीटर धावला, पण हा पाणी कुठे पितो गं?’

मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी.

आता तू म्हणशील, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, मग जायला काय झालं होतं? मला तेव्हाही माहीत होतं ते. जाता आलं असतं. पण घरात एकानं तरी नेम पाळायचा असतो असं मला वाटायचं, आणि खरं सांगू, अजूनही थोडं वाटतंच. लग्न टिकतं ते अशा हट्टांवरही. फक्त पेडर रोडचा परतीचा चढ आपल्या नवऱ्याच्या तोंडावर कसा दिसतो, ते मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते मी वचनांनी भरून काढलं. तू तेच करू नकोस, एवढ्यासाठी हा सगळा पसारा.

संत पौलाचं नाव तू चार ठिकाणी घेतलंयस. तो ग्रीसमधल्या करिंथ शहरात दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरलं. जवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळ भरत, जिंकणाऱ्याला पाईनच्या नाहीतर सुकवलेल्या सेलरीच्या पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांना लिहिताना नाशवंत मुकुटाची गोष्ट त्याला उगाच सुचली नाही. वाचणाऱ्यांनी तो मुकुट वाळताना पाहिलेला होता. त्याचंही तेच, आधी पाय.

आणि एरिक लिडल, तो स्कॉटिश धावपटू. रविवारी धावणार नाही म्हणून 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर सोडली आणि चारशेचं सुवर्ण जिंकलं. ते सगळ्यांना पाठ आहे, वगळ. तुला प्रेमकथा हवी आहे ना? मग 1941 बघ. चीनमध्ये मिशनरी असलेला हा माणूस गरोदर बायकोला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. पुढे जपान्यांच्या वेइशिएनच्या छावणीत कैद, 21 फेब्रुवारी 1945 ला तिथेच मृत्यू. तिसरी मुलगी त्यानं पाहिलीच नाही. लांब पल्ल्याची धाव फ्लोरेन्सची होती, त्याच्या बायकोची. तिच्या बाजूनं कुणी लिहायचं?

बरं, आता तुझ्या दोघांकडे. ‘ख्रिस्ती प्रेमकथेत जवळीक कशी दाखवू’ म्हणून तू घाबरली आहेस. मला तर यात तुझी चैन दिसते. पहाटे साडेचारला दोन माणसं शेजारी-शेजारी तीन तास धावतात, धापा न टाकता बोलता येईल इतक्याच वेगानं. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, दोघांची नजर रस्त्यावर. अशी माणसं खरं बोलतात. टेबलावर समोरासमोर कॉफी पिताना जे आयुष्यात बोलली नसती ते बोलतात. त्याच्या आईचं आजारपण, तिचं मोडलेलं लग्न, प्रार्थना येईनाशी झाली आहे हे, सगळं तिथे येऊ दे. आठव्या किलोमीटरला सुरू झालेलं वाक्य अकराव्याला पुरं होऊ दे. मध्ये कुत्री भुंकू दे.

तुझ्या नायिकेला वेगवान कर. ती सहा मिनिटांत एक किलोमीटर, तो साडेसात. अर्ध्या मॅरेथॉनला दोघांत जवळपास बत्तीस मिनिटांचं अंतर पडेल. पदक गळ्यात घालून, घाम वाळत असताना, कुडकुडत, हातात अर्धं केळं घेऊन ती बत्तीस मिनिटं उभी आहे. काय करते ती? त्याची काळजी करते, की कंटाळते? कंटाळली तर स्वतःची लाज वाटते? हे एक प्रकरण लिही आणि मला पाठव. बाकीचं नंतर बघू. यात प्रार्थना आली तर ती तिच्या थंड पडलेल्या पायांतून येईल, तुझ्या पेन्सिलीतून नाही.

शर्यतीचा दिवसही तू फुकट घालवलायस. वसई-विरारची शर्यत डिसेंबरात, म्हणजे आगमनकाळात, नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांत. तेव्हा आपल्याकडे सहसा लग्नं लागत नाहीत, पण नाताळानंतरच्या लग्नांची नावं त्याच रविवारांत चर्चमध्ये वाचली जातात. आता बघ, फादर वेदीवरून दोघांची नावं वाचताहेत आणि ती दोघं तेव्हा नालासोपाऱ्याच्या आसपास कुठेतरी धावताहेत. बाकावर दोघांच्या आया बसल्या आहेत. हे तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर असताना तू नायकाला स्वित्झर्लंडला का नेलंस?

एका गोष्टीचं उत्तर मलाही सापडलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये 1921 पासून कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. जवळजवळ नव्वद किलोमीटर, आपल्याकडचेही पुष्कळ जण जातात. मुदत बारा तासांची. ती संपताना एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ अशासाठी की कुणाचा चेहरा बघून हात थांबू नये. दोन सेकंद उशीर झाला तरी पदक नाही. आणि आपल्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा मालक दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पुरा रोज देतो. ही दोन्ही माणसं एका कादंबरीत कशी बसतील? तुझ्या नायकाची मुदत दोन सेकंदांनी हुकू दे, मग आपण बोलू.

तू धावणार आहेस त्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी मिस्सेला जाऊन येणार आहे. रविवारी सकाळी रस्त्यावर असेन. हेही येणार म्हणतात, गुडघे गेलेत म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. बिब नंबर, तो छातीवर लावायचा आकडा, मिळाला की कळव. आणि संत्री फोडी करून आणू की सोलून? हे म्हणतात सोलून, पण यांचं ऐकायची मला सवय नाही.

तुझ्या,
बाई