ग्रंथालयाचा चार्ज घेताना

प्रिय मित्रा,

शाळेने ग्रंथालयाचा चार्ज तुझ्याकडे दिला आणि ‘मी गणिताचा माणूस, मला यातलं काय कळतं’ असं तू लिहिलंस. एस. आर. रंगनाथनही आधी गणितच शिकवायचे. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला तेवढा पक्का धर : पुस्तकं वापरासाठी असतात.

शाळांत घोडं अडतं ते इथेच. हरवलेलं पुस्तक आपल्या अंगावर येईल या धास्तीने चार्ज घेणारा आधी कपाटाचं कुलूप बघतो. तू पहिल्या आठवड्यात दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदवतात ती) आणि प्रत्यक्षातली पुस्तकं जुळवून घे. जी सापडत नाहीत त्यांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीने करून ठेव आणि जीर्ण पुस्तकं रीतसर निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून कमी करायला सांग. मग बिनधास्त देवघेव सुरू कर. काही पुस्तकं फाटतील, एखादं परत येणार नाही, नाही आलं तर नाही. मार्चमध्ये सगळी कोरी करकरीत निघाली, तर मात्र काळजी कर.

पालक विचारतील, अवांतर वाचनाने मार्क वाढतात का? त्यांना काय सांगायचं ते एका प्रसंगावरून लिहितो. आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या घराजवळ वडाला आग्या मोहोळ लागलं होतं. तिला त्याची माहिती हवी होती. मी सांगत बसलो नाही, कीटकांवरचं पुस्तक देऊन शेवटची सूची उघडून दाखवली. ‘मोहोळ’ सापडेना. ती हिरमुसली, मग स्वतःच ‘मधमाश्या’ शोधलं आणि पानांचे आकडे मिळाले. तिथे फुलांची दिशा सांगणाऱ्या माशीच्या नाचाबद्दल होतं : पोळ्यावर उभ्या रेषेशी ती जो कोन करून नाचते, तोच कोन सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांत असतो. दुसऱ्या दिवशी पोरगी प्रश्न घेऊन हजर! आग्याचं पोळं उघड्यावर असतं, पण सातेरी जातीची मधमाशी झाडाच्या ढोलीत राहते, तिथल्या काळोखात बाकीच्यांना नाच दिसतो कसा? त्या पुस्तकात उत्तर नव्हतं. दुसऱ्यात मिळालं : दिसत नाही, बाकीच्या माश्या नाचणारीला मिशांनी चाचपत आणि कंपनं ओळखत तिच्या मागे फिरतात.

कुठे शोधायचं, एका शब्दाने सापडलं नाही तर दुसरा कोणता घ्यायचा, एका पुस्तकाने भागत नसेल तर पुढे कुठे जायचं, हे एका पाठ्यपुस्तकाच्या भरवशावर शिकवता येत नाही. त्याला शंभर पुस्तकं हाताशी लागतात. (आणि तू गणिताचा, म्हणून सुचवतो : कोनमापक घेऊन हाच नाच वर्गात करून घे.)

अडखळत वाचणाऱ्या मुलांकडे जास्त लक्ष दे. आठवीतला मुलगा पहिलीचं वाटणारं चित्रांचं पुस्तक उचलत असेल, तर कुणी हसणार नाही एवढं बघ. पातळ पुस्तक पुरं वाचून झालं की त्याला पुढचं घ्यावंसं वाटतं. वाचल्यावर सारांश लिहून आण, असं कुणालाही सांगू नकोस. आमच्याकडे तो फतवा निघाला आणि देवघेव निम्म्यावर आली होती.

तासिका मिळत नाही म्हणतोस. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. ते पान मुख्याध्यापकांपुढे ठेव आणि आठवड्याची एक तासिका मागून घे. तोवर मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दोरी बांधून पुस्तकं लटकव, मुखपृष्ठ समोर येईल अशी. कपाटात मुलांना नुसते कणे दिसतात आणि त्यावरून निवड होत नाही. पैसे कमी असतील तर बालभारतीच्या ‘किशोर’चे 1971 पासूनचे अंक ऑनलाइन फुकट वाचायला आहेत. एक-दोन गोष्टी छापून घे.

खरेदीचं अनुदान आलं की विक्रेत्याने बांधून दिलेला संच घेऊ नकोस. आधी प्रत्येक वर्गात वही फिरव, मुलांना काय हवं ते त्यांनाच लिहू दे. ती यादी मलाही पाठव, कुठलं पुस्तक कुठे मिळेल ते मी कळवतो.

तुझा,
सर