नाताळ, कोविड आणि आपली शाळा: नव्या टीचरला सांगते

हे बघ, पोरांच्या मास्कमागं दिवसभर धावशील आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं दार लावून सगळ्यांसोबत डबा उघडशील तर काय उपयोग, खरा धोका तिथंच, मास्क काढून एकमेकींच्या शेंगाचटणीत हात घालून गप्पा हाणतो ना आपण! डबा व्हरांड्यात खा, लांब लांब बसून.

कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, बंद हॉलमध्ये नकोच, गाताना तोंडातून जास्त कण उडतात, ग्राउंडवर घ्या, सोलापुरात डिसेंबरात थंडी ती कितीशी. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बघायला एकेक वर्ग सोडायचा.

आणि शाळेच्या सिस्टरना (नन) सांगून पूर्ण हजेरीचं बक्षीस यंदा रद्दच करून घे, त्यापायी आया तापाचं औषध पाजून पोरं पाठवतात, नववीतलं एक पोरगं तर डोळे लाल, अंग गरम, तरी "काही नाही टीचर" म्हणत बसलेलं. शिवाय लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच लागण पसरते, म्हणून खिडक्या रोज उघड्या.

३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाच्यांना लस सुरू झाली, त्यासाठी नववी-दहावीची यादी सुट्टीआधीच काढून ठेव, नंतर संक्रांत आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आला की पालक फोन उचलत नाहीत.