सांगणं दिवाळीत, सही दिवाळीनंतर

दिवाळीत सगळं घर एकत्र येतं, तसे मिळकतीचे विषयही निघतात. त्यासंबंधी आलेल्या चार पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : माझं वय 74. भाऊबीजेला दोन्ही मुलगे आणि मुलगी घरी असतात. त्याच दिवशी मृत्युपत्र करून मुलग्यांच्याच सह्या साक्षीदार म्हणून घेतल्या तर चालेल का? नोंदणी करावीच लागते का? (वाचक, सातारा)

मृत्युपत्रात काय लिहिणार आहात हे भाऊबीजेला तिघांनाही सांगा. सही मात्र नंतर, शांतपणे, मुलं घरी नसताना करा. ज्याला मिळकत मिळणार तोच साक्षीदार असला, तर हिंदूंच्या बाबतीत तेवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही. पण उद्या वाद झाला तर संशय तिथूनच सुरू होतो.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं, किंवा ‘ही सही माझीच’ असं तुम्ही स्वतः त्यांना सांगितलेलं असावं. मग त्यांनी तुमच्यादेखत सही करायची. नेमकी चूक इथेच होते. एक साक्षीदार समोर बसून सही करतो आणि दुसऱ्याकडे मुलगा संध्याकाळी कागद घेऊन जातो. पुढे कोर्टात ‘तुम्ही सही होताना पाहिली का?’ असं विचारलं की तो ‘नाही’ म्हणतो आणि मृत्युपत्र अडचणीत येतं. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान निवडा, कारण मृत्युपत्र सिद्ध करायला त्यांच्यापैकी निदान एकाला बोलवावं लागतं. फॅमिली डॉक्टर साक्षीदार असतील तर उत्तम. तुम्ही पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून सही करत असल्याचं त्यांचं त्याच तारखेचं प्रमाणपत्र सोबत जोडा. ते सक्तीचं नाही, पण चौऱ्याहत्तरीत फार उपयोगी पडतं.

साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, तरीही दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार) जरूर करा. मूळ प्रत हरवली तरी नोंद राहते. नोंदणी केल्यानंतरही मृत्युपत्र कधीही बदलता येतं.

मजकूर लिहिताना जमिनीचा गट नंबर सातबाऱ्यावरून आणि फ्लॅटचा तपशील शेअर सर्टिफिकेटवरून उतरवा. मुदत ठेवींचे पावती क्रमांक लिहू नका. ठेव नव्याने गुंतवली की क्रमांक बदलतो. ‘माझ्या नावावरील सर्व ठेवी’ असं लिहा. फ्लॅट पत्नीबरोबर जोडनावावर असेल तर तुम्हाला फक्त तुमचा हिस्सा देता येतो. शेवटी ‘याशिवाय जी मिळकत निघेल ती अमक्याला’ हे वाक्य हवंच. ते राहून जातं, आणि मग सगळा तंटा एका विसरलेल्या खात्यावर होतो.

प्रश्न : सोसायटीत आणि बँकेत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून आहे. मग मृत्युपत्राची गरज काय? (वाचक, पुणे)

गरज आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मिळकत हाती घेणारा. मालकी त्यामुळे ठरत नाही. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणूनच घेतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. आईचा वाटा पुष्कळांच्या ध्यानातच नसतो.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. लॉकरला मात्र एकामागून एक असाच क्रम देता येतो.

प्रश्न : भाऊ म्हणतो, ‘भाऊबीजेला आलीस की हक्कसोडपत्रावर सही कर.’ वडील हयात आहेत. करू का? (वाचक, नगर)

ताई, आधी मिळकत कोणती ते विचारा. वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर ते हयात असताना तुमचा त्यात हक्कच निर्माण झालेला नाही, सोडायचं काय? असं हक्कसोडपत्र पुढे सहसा भावाच्याही कामी येत नाही. वडिलांना ती मुलाला द्यायची असेल तर त्यांनी मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करावं.

वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. तो सोडणं सर्वस्वी तुमच्या मर्जीवर. सोडायचाच असेल तर दस्त नोंदणीकृत लागतो. नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर केलेल्या कागदाने फ्लॅट-जमिनीतला हक्क सुटत नाही. नोंदणी झाली की मागे फिरणं जवळपास अशक्य. म्हणून ओवाळणीच्या ताटासमोर सही करू नका. मसुदा घरी घेऊन जा, आपल्या वकिलाला दाखवा. कोऱ्या कागदावर किंवा ‘फक्त फेरफारासाठी’ म्हणून पुढे केलेल्या अर्जावर न वाचता सही तर मुळीच नको. हिस्सा मागणारी बहीण लोभी ठरत नाही, हेही आम्ही स्पष्टच सांगतो.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून दहा दिवसांसाठी येतोय. काय उरकून घ्यावं? (वाचक, ठाणे)

त्याच्या स्वतःच्या मिळकतीचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) तो इथे असतानाच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. दिवाळीच्या मुख्य दिवसांत कचेऱ्या बंद असतात, म्हणून वेळ आधीच घेऊन ठेवा. तिकडून पाठवलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, हे दोन्ही सांभाळावं लागतं. तुम्ही त्याला दिलेलं मुखत्यारपत्र तुमच्या हयातीपुरतंच. तुमच्या पश्चात त्यावर बँकेतून एक रुपयाही काढता येत नाही. मूळ कागद कुठे आहेत आणि लॉकरची किल्ली कुणाकडे आहे, तेही त्याला कपाट उघडून प्रत्यक्ष दाखवा.