बटणाचा फोन घेऊ नकोस

प्रिय पोरी,

फोनमध्ये अभ्यासाचा वेळ जातो म्हणून स्मार्टफोन विकून बटणाचा फोन घेऊ का, असं तू विचारलंस. अभ्यासिकेतल्या दोघींनी तसं केलंय म्हणून तुलाही वाटतंय. माझं ऐकशील तर घेऊ नकोस. परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, मेसचे पैसे, सगळं स्मार्टफोनवरच चालतं. आठवड्याभरात रूममेटचा फोन मागायला लागशील आणि तिचाही अभ्यास बुडवशील.

शिवाय पावसाळा तोंडावर आलाय आणि तुझं गाव नदीकाठचं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 ला पाणी 50 फुटांच्याही वर गेलं होतं. अशा वेळी घरच्यांची खबर घ्यायला, कुठला रस्ता बंद झालाय ते बघायला हाच फोन लागतो.

पण तिथंच बघ कसं होतं. पातळी म्हणजे एक आकडा, बघायला अर्धं मिनिट पुरे. आपण मात्र तिथं थांबत नाही. मग ड्रोनचा व्हिडिओ, मग कुणीतरी आजचा म्हणून पाठवलेला मागच्या पुरातला व्हिडिओ, त्याखाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून जुंपलेलं भांडण, आणि तिथून थेट कुणाच्या तरी हळदीतला नाच! पाणी बघायला घाटावर गेलेला कोल्हापूरकरही तासभर रेंगाळतो, आपला तो जुना छंदच आहे. पण पाय दुखले, भूक लागली की तो घरी येतो. फोनवर काहीच दुखत नाही.

हे आपोआप झालेलं नाही. पूर्वी वेबसाइटवरचं पान संपायचं, पुढचं बघायला बटण दाबावं लागायचं. 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने बोट सरकवत राहिलं की पुढचं आपसूक येत राहील अशी रचना केली. हेतू सोयीचाच होता. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तेव्हा ‘माझं मनच कच्चं’ म्हणून स्वतःला बोल लावत बसू नकोस. पलीकडून कुणी थांबवणार नाही, म्हणून कुठं थांबायचं ते आपणच आधी ठरवायचं, फोन हातात घेण्याआधी.

माझा आग्रह एवढाच की उचलण्याआधी काम तोंडाने बोलायचं. ‘पातळी बघते.’ ‘आईला फोन करते.’ वेड्यासारखं वाटेल. अभ्यासिकेत पुटपुटलीस तरी चालेल. काम झालं की फोन खाली. काम सांगताच आलं नाही, तर हात लावायचा नाही.

बाकी किरकोळ. घरच्यांचे कॉल आणि मेसेज सोडून सगळ्या नोटिफिकेशन्स बंद. ग्रुप म्यूट, पुराच्या दिवसांत गावचा तेवढा चालू ठेव. रील्सचं ॲप काढून टाक, बघायचंच झालं तर ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून बघ, त्या कटकटीनेच बराचसा मोह उतरतो. फोन किती वापरला ते मोजणाऱ्या डिजिटल वेलबीइंगच्या टायमरवर माझा फारसा भरवसा नाही, लावणारी तूच आणि उठवणारीही तूच. फोन उशाशी नको. गजराचं साधं घड्याळ महाद्वार रोडला मिळेल.

आणि त्याच फोनकडून कामही करून घे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. लागेल ते एकदाच उतरवून घे आणि डेटा बंद करून वाच. पाठ होत नाहीत ती कलमं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड कर आणि संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारताना ऐक. एकाच कानात इअरफोन घाल बरं का, तिथल्या गाड्यांचा नेम नाही.

रविवारी येशील तेव्हा डिजिटल वेलबीइंगमधला आठवड्याचा आकडा दाखव. कितीही असू दे, मी रागावणार नाही. नोटिफिकेशन्स आपण बसूनच बंद करू, आणि जेवूनच जा.

तुझा,
काका