हॅसलब्लाड ५००सी/एम, मामिया आरबी६७ की ब्रॉनिका एसक्यू-ए: जुन्यात पैसे कशात घालावेत?

मोठ्या निगेटिव्हच्या या तीन जुन्या फिल्म कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला नाशकात तीन संच मिळतायत: ८० मिमी प्लानर लेन्स आणि एका ए१२ बॅकसह (बॅक म्हणजे कॅमेऱ्यामागे लागणारा फिल्मचा डबा) हॅसलब्लाड, ९० मिमी लेन्स नि दोन बॅकसह आरबी६७, आणि ८० मिमीसह एसक्यू-ए. काम पोर्ट्रेटचं आणि गोदाघाटावरचं, २०२७ च्या सिंहस्थाआधी हात बसवायचाय. माझं मत सरळ आहे. घाटावर हिंडायचं तर एसक्यू-ए, घरात ट्रायपॉडवर पोर्ट्रेट करायची तर आरबी. हॅसलब्लाड तेव्हाच घ्या, जेव्हा सर्व्हिसिंगचे पैसे वेगळे काढलेले असतील.

किंमत बॉडीची बघू नका. बॉडी, बॅक, फाइंडर, लेन्स आणि सर्व्हिसिंग मिळून आकडा काढा, आणि त्यात रोल धरा. फिल्म, धुलाई नि स्कॅन मिळून रोलला १५०० रुपये धरले, तर हॅसलब्लाड किंवा एसक्यू-एच्या ६x६ सेंमी चौकोनी फ्रेमवर, रोलला १२ प्रमाणे, ६०० फोटोंना ५० रोल, म्हणजे ७५,०००. आरबीवर एका रोलमध्ये १० च फ्रेम, म्हणून ६० रोल, ९०,०००. स्वस्तात मिळालेल्या आरबीचा फायदा इथे हळूहळू आटतो. आणि चौकोनी फोटो छापताना कापून आयताकृती करणारच असाल, तर १५ फ्रेम देणारा ६x४.५ चा कॅमेरा जास्त परवडेल, हेही एकदा मनाशी ठरवा.

आरबीत बॅटरीच नाही, सगळं यांत्रिक. म्हणून बिघडला तरी दुरुस्त होतो. बॅक फिरते, त्यामुळे उभ्या फोटोसाठी कॅमेरा आडवा करावा लागत नाही, आणि बेलोजमुळे (लेन्समागचा घडीचा भाता) एक्स्टेन्शन ट्यूबशिवाय, म्हणजे लेन्समागे जादा नळी न लावता, चेहऱ्याच्या अगदी जवळ जाता येतं (तेव्हा एक्स्पोजर वाढवायला विसरू नका). पण लेन्ससकट अडीच किलोच्या वर वजन जातं; गर्दीत, रामकुंडाच्या पायऱ्यांवर हे फार जड पडतं. दोष ठरलेले. बॅकभोवतीचा आणि बॅक फिरवणाऱ्या अडॅप्टरचा, प्रकाश अडवणारा फोम चिकट होऊन गळतो, ते बदलणं स्वस्त आणि सोपं. बेलोजच्या कोपऱ्यांत मात्र सुईएवढी छिद्रं पडतात. अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून, बेलोज पूर्ण ताणून बाहेरून बघा.

एसक्यू-एचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सहा व्होल्टची बॅटरी गेली की सगळे फोटो १/५०० वरच निघतात. म्हणूनच विकणाऱ्यासमोर नवी बॅटरी घालून १ सेकंद आणि १/८ ऐका. दोन्ही सारखेच 'टक' वाजले, तर आधी लेन्स आणि बॉडीमधले सोनेरी संपर्कबिंदू आयसोप्रोपिलने पुसून पुन्हा बघा. तरीही तसंच राहिलं, तर सर्किट किंवा शटर गेलेलं समजा. तशी दुरुस्ती करत बसण्यापेक्षा दुसरी बॉडी शोधणं सहसा स्वस्त पडतं.

हॅसलब्लाडला मागणी टिकून आहे, विकताना पैसे बरेचसे परत येतात, हा त्याचा खरा फायदा. पण जुन्या सी मालिकेच्या लेन्समधल्या कॉम्पुर शटरचं वंगण सुकतं. १ सेकंदाचा आवाज अडखळला की सर्व्हिसिंग आलंच. बटण सोडण्याआधी लेन्सचं शटर बंद होऊ द्या. हळू वेगावर बोट लवकर उचललं तर बॉडीतलं मागचं सहायक शटर मिटतं आणि फोटो अर्धवट राहतो. लेन्स आणि बॉडी दोन्ही कॉक केलेल्या (शटर ताणून तयार) असतील तेव्हाच लेन्स जोडा, नाहीतर कॅमेरा जाम होतो. ए१२ च्या आतल्या इन्सर्टवरचा (रोल बसवायचा सांगाडा) तीन आकडी नंबर बॅकच्या नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळतो का पाहा. नसेल तर फ्रेममधलं अंतर बिघडू शकतं, आणि तेवढी किंमत कमी करून घ्या.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. अॅपर्चर पूर्ण उघडा, शटर टी किंवा बी वर उघडं ठेवा आणि टॉर्च तिरका धरून काच बघा. जाळ्यासारखी बुरशी पुसता येते, पण तिनं कोटिंग खाल्लं असेल तर खूण राहते. काठाला इंद्रधनुषी वर्तुळ दिसलं, तर चिकटवलेल्या काचा सुटल्या आहेत. ती लेन्स फार स्वस्त असली तरच घ्या. घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल नि छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४५ ते ५० टक्के.

पैसे देण्याआधी एक रोल मागा. तीन फ्रेम वेगवेगळ्या शटर वेगांवर, एक्स्पोजर सारखंच राहील असं अॅपर्चर बदलून, एकाच भिंतीवर; दोन फ्रेम पूर्ण उघड्या अॅपर्चरवर, एक पांडवलेण्यांच्या डोंगरावर अनंतावर फोकस करून आणि एक दोन मीटरवरच्या वर्तमानपत्रावर. बॅक अर्धा तास उन्हात, डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पत्र्याची पट्टी) घालून, ठेवा आणि मगच उरलेल्या फ्रेम घ्या. धुतलेल्या रोलवर कडेनं आत येणारी धूसर पट्टी दिसली तर प्रकाश अडवणारं फोमचं सील गेलंय. फोम बदलायच्या कामावरून सौदा मोडू नका, भाव कमी करा. वर्तमानपत्र अस्पष्ट आणि डोंगर स्पष्ट आला, तर आरसा किंवा फोकसिंग स्क्रीन हललेली आहे, आणि ते काम कारागिराकडे गेल्याशिवाय होणार नाही.