वर्डमध्ये सेव्ह केलेली फाइल आता सापडत नाही, कुठे शोधू?

तुम्ही म्हणता, काल अर्ज टाइप केला, सेव्हही केला, आणि आज तो ना डेस्कटॉपवर, ना डॉक्युमेंट्समध्ये. फाइल उडाली असं लगेच धरून चालू नका. आणि एकेक फोल्डर उपसत बसू नका, त्यात नुसता वेळ जातो. ज्या प्रोग्रॅमने फाइल ठेवली, आधी त्यालाच विचारा.

वर्ड उघडा आणि कंट्रोल धरून ओ दाबा. 'रीसेंट'खाली अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी येते, सगळ्यात ताजी वर. अर्ज तिथे दिसला तर क्लिक करून उघडा, पण काम झालं म्हणून लगेच बंद करू नका. एफ १२ दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीही धरावी लागते). 'सेव्ह ॲज'ची खिडकी उघडेल आणि फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते वरच्या पट्टीत दिसेल. ते वाचा आणि कॅन्सल करा.

त्या पट्टीत 'वनड्राइव्ह' (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय) दिसलं तर घोळ तिथेच आहे. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असला की 'डॉक्युमेंट्स' नावाचे दोन फोल्डर असू शकतात, एक वनड्राइव्हच्या आत आणि एक बाहेर. आपण एकात शोधतो, फाइल दुसऱ्यात पडलेली असते. हा प्रकार फार लोकांना छळतो.

पट्टीत 'टेम्प' असं काही दिसलं तर मात्र लगेच हालचाल करा. ईमेलमधली किंवा झिपमधली फाइल थेट डबल-क्लिक करून उघडली की बऱ्याचदा तिची तात्पुरती प्रत उघडते, आणि आपले बदल त्या प्रतीतच सेव्ह होतात. अशा वेळी कॅन्सल न करता तिथूनच डॉक्युमेंट्स निवडून सेव्ह करा.

रीसेंटमध्ये नावच नसेल तर विंडोज की आणि ई दाबून एक्सप्लोरर उघडा आणि सर्चच्या चौकटीत नाव टाका. नाव आठवत नाही? अर्जाची पहिली ओळ आठवा. नवी फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड स्वतःच पहिल्या ओळीतले शब्द नाव म्हणून सुचवतं, आणि घाईत आपण तेच ठेवतो. म्हणून 'प्रति' किंवा 'विषय' नावाची फाइल दिसली तर ती जरूर उघडून बघा. शोधाचे निकाल 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे लावले की कालच्या फाइली एकत्र येतात. रीसायकल बिनही एकदा बघून घ्या.

सेव्ह केलं होतं की नाही, अशीच शंका असेल तर वर्डमध्ये फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स असं जा. मिळण्याची खात्री नसते, पण कधीकधी बराचसा मजकूर हाती लागतो.

फाइल सापडली पण उघडतच नाही, ही तक्रार वेगळी. तेव्हा राइट-क्लिक करून 'ओपन विथ'मधून वर्ड निवडा. कॉम्प्युटरवर वर्ड २००३ किंवा त्याआधीचं असेल तर डॉक्सएक्स फाइल (नावाच्या शेवटी .docx असलेली) नुसती उघडणार नाही, कारण तो प्रकार वर्ड २००७ पासून आला. लिबरऑफिस हा वर्डसारखं काम करणारा प्रोग्रॅम फुकट आहे आणि जुन्या-नव्या दोन्ही फाइली उघडतं.