ताबा आणि पोटगीच्या प्रकरणात माहेरच्या गावातला वकील करावा की मोठ्या शहरातला?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे, की तुम्ही सहा वर्षांच्या मुलीसह पुण्याहून कोल्हापूरला माहेरी आला आहात, पती पुण्यातच नोकरीला आहेत, मुलीचे नाव इथल्या शाळेत घातले आहे आणि वकील कोल्हापूरचा करावा की पुण्या-मुंबईचा नावाजलेला, यावर घरात दोन मते आहेत. मी वकील नाही. मात्र कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाचा ताबा आणि पोटगी या दोन्हींसाठी पक्षकार म्हणून उभी राहिले आहे, आणि तिथे जे पाहिले, माझ्या वकीलबाईंकडून जे समजून घेतले, त्यावरून सांगते. प्रकरण ज्या न्यायालयात चालणार, तिथे नेहमी काम करणारा वकील करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात, प्रकरण कुठे चालणार हेच आधी ठरवावे लागते. पहिल्या भेटीत वकिलांना हाच प्रश्न विचारा. पोटगीचा अर्ज (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) पत्नी जिथे राहते तिथे करता येतो. तुमचा विवाह हिंदू विवाह कायद्याखालचा असेल, तर २००३ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाचा अर्जही पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणी दाखल करता येतो. ताब्याचे मात्र तसे नाही. पालक व पाल्य कायदा, १८९० याच्या कलम ९ प्रमाणे मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते, तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो, आणि तुमची मुलगी आत्ताआत्तापर्यंत पुण्यात राहत असल्यामुळे पतीकडून नेमक्या याच मुद्द्यावर हरकत येण्याची शक्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रुची माजू यांच्या प्रकरणात म्हटले आहे, की मुलाचा सर्वसाधारण निवास कोणता हे नुसत्या कायद्यावर ठरत नाही, त्यासाठी वस्तुस्थिती तपासावी लागते. म्हणून शाळेचा दाखला, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, भाड्याने राहत असाल तर भाडेकरार, असे सगळे कागद तारखेनुसार लावून पहिल्याच दिवशी वकिलांच्या हाती द्या.

स्थानिक वकील हवा असे मी म्हणते त्याचे मुख्य कारण अंतरिम आदेश. अंतिम निकालाला किती काळ लागेल ते सांगता येत नाही, आणि मुलीचे रोजचे आयुष्य तोवर अंतरिम पोटगी, अंतरिम ताबा आणि भेटींच्या आदेशांवरच चालते. अंतरिम पोटगीचा अर्ज समोरच्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. पण नोटिशीची बजावणी झाली का, समोरच्याने म्हणणे दाखल केले का, पुकारा झाला तेव्हा आपल्या बाजूने कोणी हजर होते का, यावर प्रत्यक्षात सारे अवलंबून असते. दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरचा वकील प्रत्येक तारखेला येऊ शकत नाही. तो कनिष्ठाला पाठवतो, आणि त्या कनिष्ठाला मुलीचे वयही फाईल उघडून पाहावे लागते. माझ्या वकीलबाई नोटीस बजावणाऱ्या बेलिफाकडून बजावणीचा अहवाल आला की नाही हे तारखेआधीच कार्यालयात जाऊन पाहत असत. नोटीस न बजावता परत आली असेल, तर नव्या पत्त्याचा अर्ज त्याच दिवशी देत. हे काम दिसायला किरकोळ असले, तरी माझी अंतरिम पोटगी त्यामुळेच वेळेत सुरू झाली.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, हेही माहीत असू द्या. परवानगी सहसा मिळते. मात्र विवाह समुपदेशकासमोर तुम्हाला स्वतःच बोलावे लागेल. त्या बैठकीत काय विचारतात, कोणत्या गोष्टीवर ताणायचे नाही, हे तिथे नेहमी वावरणारा वकील नीट सांगू शकतो.

आता पोटगीकडे येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच निकालाने ठरवून दिले आहे. हे शपथपत्र मन लावून करा. तुम्हाला पगार असेल, शिकवण्या असतील, वडिलांनी नावावर ठेव केली असेल, तर वकिलांना पहिल्याच दिवशी सांगा. स्वतःचे उत्पन्न असले म्हणून मुलीची पोटगी बंद होत नाही, दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात खर्च वाटला जातो. पण लपवलेले उत्पन्न उलटतपासात निघाले, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. आपण वकिलाला सांगितलेले गोपनीय राहते, त्याला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा संकोच करू नका.

मुलीच्या खर्चाचा तक्ता कसा असावा, तेही सांगते. मी माझ्या मुलाचा खर्च ‘शिक्षण’, ‘औषधे’, ‘इतर’ असा लिहून नेला होता. वकीलबाईंनी तो बाजूला ठेवला आणि विचारत गेल्या : शाळेची रिक्षा महिन्याला किती घेते? गणवेश वर्षातून किती वेळा लागतो? चष्म्याचा नंबर किती दिवसांनी बदलतो? पावसाळ्यात दम्याचा पंप किती पुरतो? प्रत्येक उत्तराशेजारी पावतीचा क्रमांक पडला, आणि वर्षातून एकदाच येणारा खर्च बारांनी भागून महिन्याच्या रकान्यात गेला. त्या तक्त्यावर समोरच्या वकिलांना बोलायला फारशी जागा उरली नाही. पगाराच्या २५ टक्के पोटगी मिळतेच, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका प्रकरणात तसा आकडा योग्य मानला होता हे खरे, पण तो सगळ्यांना लागू होणारा नियम नाही.

ताब्याबाबत एक गोष्ट मनाशी पक्की करा. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, अशी तरतूद हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये आहे; तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे. आता न्यायालय केवळ तिचे हित पाहील, आणि वडिलांची भेट अडवणारी आई त्या कसोटीला सहसा उतरत नाही. भेटी कशा व्हाव्यात याचा लेखी प्रस्ताव आपल्याच बाजूने द्यावा. तो किती बारीक असावा, हे मला आमच्या मसुद्यावरून कळले. ‘महिन्यातून दोनदा भेट’ एवढ्यावर आमच्या वकीलबाई थांबल्या नाहीत. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. मुलाला कोण आणेल, कोणाच्या हाती देईल. परीक्षेच्या आठवड्यात काय, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी कशी. व्हिडिओ कॉल कोणत्या वारी. आजारी असेल तर किती तास आधी कळवायचे आणि बुडालेली भेट कधी भरून द्यायची, हे सारे त्यांनी लिहिले. पुढे जे वाद झाले, त्यांतले बहुतेक त्या कागदाकडे बोट दाखवल्यावर मिटले.

वकील निवडताना ‘ताबा शंभर टक्के मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या कार्यालयातून नम्रपणे उठून या. फी टप्प्याटप्प्याने की तारखेप्रमाणे हे लिहून घ्या, पावती मागा. मिळणाऱ्या पोटगीत हिस्सा मागणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांतच बसत नाही. फी झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. प्रकरण दाखल झाल्यावर त्याचा सीएनआर क्रमांक (अक्षरे आणि अंक मिळून सोळा खुणांचा ओळखक्रमांक) मागून घ्या, म्हणजे पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतःला पाहता येईल.

पोटगीचा आदेश झाला आणि पैसे थकले, तर ‘देतील पुढच्या महिन्यात’ म्हणून थांबू नका. कलम १४४ खालच्या थकबाकीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. राहिला तुमच्या भावाचा मुद्दा, की पुढे अपील झाले तर मुंबईचाच वकील लागेल. कौटुंबिक न्यायालयाच्या ताब्याच्या निकालावर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते हे बरोबर; पण १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच सुरू झाले आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातली अपिले आता तिथेच चालतात.